न बोललेला जबाब

मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत एक तरुणी डोळे मिटून बसली होती. डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड लावलेले, त्यांच्या तारा संगणकाला जोडलेल्या. तिला काही बोलायचे नव्हते. कोणी प्रश्न विचारणार नव्हते, उत्तर मागणार नव्हते. तिने फक्त ऐकायचे होते. एकामागून एक वाक्ये वाचली जात होती आणि ती प्रथमपुरुषी होती, जणू तीच बोलते आहे. ‘मी सोमल विकत घेतला.’ मध्येच एखादे निरुपद्रवी वाक्य येई, ‘आकाश निळे असते.’ प्रत्येक वाक्यानंतर मेंदूत उठलेले विद्युत तरंग नोंदवले जात होते. कोणते वाक्य तिने केवळ ऐकले आणि कोणते ती स्वतः जगली आहे, हे त्या तरंगांवरून ठरणार होते.

ही तरुणी पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकत होती. पूर्वी ज्याच्याशी लग्न ठरले होते, त्या तरुणाला प्रसादातून सोमल, म्हणजे आर्सेनिक, देऊन मारल्याचा आरोप तिच्यावर होता. आपल्या हातून असे काही घडले नाही, असे ती सांगत राहिली. चाचणीचा अहवाल मात्र म्हणाला की, तिच्या मेंदूत या घटनेचे ‘अनुभवजन्य ज्ञान’ आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या सहआरोपीला जन्मठेप सुनावली. खटल्यात इतर पुरावेही होते. पण न्यायालयाने या चाचणीची सविस्तर दखल घेतली, तिच्या निष्कर्षावर विश्वास टाकला आणि दोषसिद्धीला त्याचा आधार घेतला. सप्टेंबरमध्ये ही बातमी अमेरिकेतील वृत्तपत्रांत झळकली, तेव्हा मेंदूविज्ञान आणि कायदा या क्षेत्रांतील जगभरची माणसे चकित झाली. मेंदूच्या आलेखावर इतका भरवसा ठेवून कोणत्याही देशातील न्यायालयाने माणसाला खुनी ठरवल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते.

आपल्या राज्यघटनेचे कलम २० (३) सांगते की, कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. त्या खोलीत जे घडले ते काय होते? बोटाचा ठसा घ्यावा तसा मेंदूचा ठसा, की तोंड न उघडता नोंदवलेला जबाब? या एका प्रश्नाभोवती भारतीय मेंदूविज्ञानाच्या आणि न्यायाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे दशक फिरले.

*

मेंदूचे तरंग कागदावर उतरवण्याची कथा जर्मनीतील येना शहरात सुरू होते. हान्स बर्गर हे तेथील मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि मागून येणाऱ्या तोफगाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी वडिलांची तार आली, प्रकृती कशी आहे? दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची तीव्र जाणीव झाली होती आणि तिच्याच आग्रहावरून तार केली गेली होती. एका मनातले दुसऱ्या मनाला कळते ते कोणत्या शक्तीने, हा ध्यास बर्गर यांनी तेव्हापासून घेतला. १९२४ मध्ये, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा भाग उघडा असलेल्या एका मुलाच्या डोक्यावरून त्यांनी मेंदूतील विजेची क्षीण थरथर टिपली.

ही नोंद त्यांनी लगेच छापली नाही. ही थरथर मेंदूचीच आहे, स्नायूंची किंवा उपकरणाची नाही, याची खात्री करण्यात त्यांनी पाच वर्षे घालवली आणि १९२९ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध केला. तरीही फारसे कोणी विश्वास ठेवला नाही. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कोठे मेंदूच्या या विद्युत आलेखाला, म्हणजे ईईजीला, मान्यता मिळाली. शोध आणि मान्यता यांच्यामध्ये दहा वर्षे गेली.

बर्गर यांच्या आयुष्याचा दुसरा भागही विसरता येत नाही. नाझी राजवटीत ‘आनुवंशिक आरोग्य न्यायालये’ स्थापन झाली. मनोरुग्ण, अपस्माराचे रुग्ण, मतिमंद ठरवलेली माणसे यांची सक्तीने नसबंदी करावी की नाही, याचे निर्णय तेथे होत. येनातील अशा वरिष्ठ न्यायालयावर बर्गर यांनी काम केले. उपकरणाबाबत दहा वेळा खातरजमा करणारा शास्त्रज्ञ माणसांच्या बाबतीत सत्तेच्या बाजूला जाऊन बसला. मेंदूविज्ञानातील नैतिक प्रश्न नव्या यंत्रांबरोबर काल-परवा आलेले नाहीत. ते या विज्ञानाच्या पाळण्यापासून त्याच्यासोबत आहेत.

*

ईईजीतून गुन्हेगार शोधण्याची कल्पना पुढे अमेरिकेत रुजली. १९६५ मध्ये सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अनपेक्षित किंवा अर्थपूर्ण असे काही समोर आले, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक धन विद्युत लहर उठते. तिला पी ३०० हे नाव मिळाले. १९९१ मध्ये लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी तिचा वापर करून, एखाद्या व्यक्तीला विशिष्ट माहिती आहे की नाही हे ओळखण्याची पद्धत मांडली. फारवेल यांनी पुढे तिचा धडाक्याने प्रसार केला आणि नाव दिले ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’.

नावातच दावा होता. बोटांच्या ठशांनी शंभर वर्षांत कमावलेली पत या नव्या चाचणीने फुकट घेतली. ही पत कमावण्यात भारताचा मोठा वाटा आहे. कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचा विभाग सुरू झाला आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे मोलाचे काम केले. पण ठसा बोटावर जन्मापासून असतो. त्याला काही आठवत नाही, त्याला भीती वाटत नाही, पोलिसांनी कोठडीत काय सांगितले यावर तो बदलत नाही. मेंदूची लहर या तिन्ही बाबतींत वेगळी आहे.

अमेरिकेतील यंत्रणा म्हणूनच सावध राहिल्या. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ मध्ये चौकशी केली, तेव्हा सीआयए, एफबीआय, संरक्षण खाते आणि सीक्रेट सर्व्हिस यांनी हे तंत्र वापरण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले. आयोवातील एका कैद्याच्या अपिलात ही चाचणी पुढे आली होती. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. पण कारण वेगळे होते. पोलिसांचे काही अहवाल बचाव पक्षापासून दडवले गेले होते. मेंदूच्या चाचणीबद्दल मत देण्याचे न्यायालयाने टाळले. नव्या शास्त्रीय पुराव्याबाबत अमेरिकेत एक जुनी कसोटी आहे. १९२३ मध्ये रक्तदाबावरून खोटेपणा ओळखण्याची चाचणी न्यायालयासमोर आली असता, त्या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केल्याशिवाय ती पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरले होते. आपल्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ ने तज्ज्ञाच्या मताला जागा दिली, पण त्याचे शास्त्रच कच्चे आहे की पक्के, हे पारखणारी अशी स्पष्ट चाळणी त्यात नव्हती.

*

भारतात हे वारे पोहोचले ते दहशतवादी हल्ल्यांच्या आणि मोठ्या घोटाळ्यांच्या काळात. २००२ मध्ये गोध्रा प्रकरणातील संशयितांवर नार्को चाचणी, म्हणजे औषधाने गुंगीत आणून केलेली चौकशी, झाली. पुढच्या काही वर्षांत बेंगळुरू आणि गांधीनगर येथील प्रयोगशाळा नार्को आणि मेंदूच्या चाचणीची, म्हणजे ‘ब्रेन मॅपिंग’ची, केंद्रे बनल्या. बनावट मुद्रांक घोटाळ्यातील मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी याच्या नार्को चाचणीची दृश्ये दूरचित्रवाहिन्यांवर घरोघरी पाहिली गेली. औषधाच्या गुंगीत अडखळत बोलणारा माणूस आणि समोर चहाचे कप घेऊन बसलेले प्रेक्षक! चौकशीच्या खोलीत जे गुप्त राहायला हवे ते करमणुकीचा भाग झाले, आणि याबद्दल फार थोड्यांनी हरकत घेतली. मोठा गुन्हा घडला की ‘त्याची नार्को करा’ ही मागणी चौकाचौकांतून होऊ लागली.

न्यायालयेही सुरुवातीला अनुकूल होती. २००४ मध्ये याच मुद्रांक घोटाळ्याशी निगडित प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली. मेंदूची चाचणी म्हणजे आरोपीचे निवेदन नव्हे, त्याच्या मेंदूत माहिती आहे एवढेच ती सांगते, असा एकंदर विचार त्यामागे होता. त्याला एक जुना आधारही होता. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले होते की, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. कारण या गोष्टी बदलत नाहीत आणि त्यातून आरोपीच्या मनातले काही बाहेर येत नाही. ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ या नावाने नेमका याच निवाड्याचा दरवाजा ठोठावला.

*

पुण्याच्या खटल्यात वापरलेली चाचणी पी ३०० च्या पुढची असल्याचा दावा होता. तिचे नाव बीईओएस, म्हणजे ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेत चिकित्सालयीन मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले चंपाडी रामन मुकुंदन यांनी ती विकसित केली. त्यांची मांडणी अशी होती की, एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती स्वतः अनुभवलेली असणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या अवस्था आहेत. अनुभवलेली गोष्ट ऐकताच मेंदू ती पुन्हा जगतो आणि त्या वेळी अनेक भागांत एकत्रित उठणारे तरंग संगणक ओळखू शकतो. शिवाय आरोपीला बोलावे लागत नाही, औषध टोचावे लागत नाही, मारहाण तर नाहीच.

हा शेवटचा मुद्दा हलका नाही. ज्या देशात पोलीस कोठडीतील मारहाण ही रोजची वस्तुस्थिती आहे, तेथे दंडुक्याऐवजी इलेक्ट्रोड येतो आहे, हे अनेकांना पुढचे पाऊल वाटले. या तंत्राच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांच्या आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. प्रश्न हेतूचा नव्हता, पडताळणीचा होता.

स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले होते की, माणूस आठवतो म्हणजे प्रत्येक वेळी आठवण नव्याने रचतो. १९७० च्या दशकापासून एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले की, प्रश्नातील एखादा शब्द बदलला तरी साक्षीदाराची आठवण बदलते. न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या आठवू शकतात. आता कोठडीतील आरोपीचा विचार करा. पोलिसांनी त्याला गुन्ह्याची हकिगत पन्नास वेळा ऐकवलेली असते. कोठे, केव्हा, कशाने, सगळे त्याला पाठ झालेले असते. ज्या आरोपाने आयुष्य उद्ध्वस्त केले ते वाक्य कानावर पडताच निरपराध माणसाच्या मेंदूत खळबळ उडणार नाही का? ‘आकाश निळे असते’ हे ऐकून मन शांत राहील. ‘मी सोमल विकत घेतला’ हे ऐकून ते शांत कसे राहील? ही खळबळ अनुभवाची की भीतीची, हे यंत्र बिनचूक वेगळे काढते, असे सांगायचे असेल तर तसे स्वतंत्र पुरावे हवेत. इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिलेला हवा. यंत्र किती वेळा चुकते याचा आकडा उघड हवा. यातले काही हाती येण्यापूर्वीच यंत्र न्यायालयात पोहोचले.

आणि या उणिवेवर बोटही आपल्याच घरातून ठेवले गेले. निम्हान्सचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मेंदूच्या या चाचण्यांचा अभ्यास केला होता. २००८ मध्येच तिचा निष्कर्ष बाहेर आला, या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. तपासासाठी आणि न्यायालयातील पुराव्यासाठी त्यांचा वापर थांबवावा. ज्या संस्थेत मुकुंदन यांनी काम केले, तिच्याच प्रमुखांच्या समितीने हे सांगितले. विज्ञान स्वतःच्या माणसांना प्रश्न विचारते तेव्हाच ते विज्ञान राहते. इथे तो प्रश्न नीट विचारला गेला, पण तोवर पुण्याचा निकाल लागून गेला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन दोन्ही आरोपींना जामिनावर सोडले.

*

पुण्यातील तरुणीने चाचणीला संमती दिली होती. ही गोष्ट नेहमी बचाव म्हणून सांगितली जाते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

मराठेशाहीत वाद मिटवण्यासाठी ‘दिव्य’ करण्याची चाल होती. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर लावत आणि काही दिवसांनी ती सोडून हात पाहत. पोळला तर खोटा, न पोळला तर खरा. वादी-प्रतिवाद्यांकडून निवाडा मान्य असल्याचा लेख आधी घेतला जाई, त्याला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा कागद, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. म्हणजे दिव्यालाही संमती होती! पण जो नकार देई त्याच्याबद्दल गाव काय म्हणत असेल? ज्याच्या मनात पाप नाही तो तेलाला कशाला भिईल, असेच ना?

कोठडीतल्या माणसाचीही हीच अवस्था असते. चाचणीला नाही म्हटले की संशय पक्का. हो म्हटले तर निदान सुटकेची आशा. वकील जवळ नाही, यंत्र काय करते हे समजावून सांगणारे कोणी नाही. अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणताना शब्दाचा अर्थ पातळ होतो. वैद्यकीय संशोधनाने हे केव्हाच ओळखले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांना असुरक्षित गटात धरून जादा संरक्षण दिले आहे, कारण बंदिवासात ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्यच आकसलेले असते. अपुऱ्या पडताळलेल्या यंत्राला आरोपी जोडला जातो तेव्हा तो एकाच वेळी आरोपी आणि प्रयोगाचा विषय असतो. पण प्रयोगशाळेतल्या स्वयंसेवकाला जे संरक्षण मिळते, ते त्याला मिळत नाही.

*

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठापुढे नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी या तिन्हींचा एकत्रित विचार झाला. जगभरच्या शास्त्रीय वादाचा आणि परदेशी निवाड्यांचा त्यात बारकाईने धांडोळा घेतला आहे. बोटाचा ठसा की मनाची साक्ष, या प्रश्नाचे उत्तर या निकालाने निःसंदिग्ध दिले. आरोपीने तोंड उघडले नाही तरी या चाचणीतून त्याच्या मनातला आशय बाहेर काढला जातो. म्हणून ती ठशासारखी नव्हे, साक्षीसारखी आहे. ती सक्तीने करणे म्हणजे कलम २० (३) चा आणि कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. बोलावे की गप्प राहावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. माणसाच्या मनाच्या आतल्या खोलीत राज्यसंस्थेला जबरदस्तीने शिरता येणार नाही.

संमतीबद्दलही न्यायालयाने अटी घातल्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये पॉलिग्राफसाठी केलेल्या सूचना पाळायच्या, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकिलाचा सल्ला मिळू द्यायचा, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगायचे. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरणार नाही. तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तरच ती तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येईल.

चिलीने मेंदूतील हालचालींना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिले ते २०२१ मध्ये. बाजारात मिळणाऱ्या डोक्यावरच्या पट्टीने साठवलेली मेंदूची माहिती पुसून टाका, असा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला दिला तो २०२३ मध्ये. आज जगात ज्याला मनाची खासगी हद्द म्हणतात, ती आपल्या न्यायालयाने त्याच्या दहाहून अधिक वर्षे आधी आखून दिली होती. याचा अभिमान वाटावा.

अभिमान वाटतो म्हणूनच पुढचे सांगणे भाग आहे. बीईओएस बंद झालेली नाही. २०२० मध्ये हाथरस प्रकरणातील आरोपींना सीबीआयने याच चाचणीसाठी गांधीनगरला नेले होते. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या प्रकरणात सेल्वीचा निकाल पुन्हा वाचून दाखवावा लागला, कारण सर्व आरोपींची नार्को चाचणी करू, हे पोलिसांचे म्हणणे पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत स्वीकारले होते. सेल्वीने चाचणीचा निष्कर्ष पुराव्यातून बाहेर काढला, पण तपासाचे दार संमतीच्या कडीवर उघडे ठेवले. ही कडी किती मजबूत, ते कोठडीतल्या एकट्या माणसाला विचारायला हवे.

यंत्रे दिवसेंदिवस बारीक होत जाणार आहेत. पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील संकेत शब्दांत उतरवणारी उपकरणे आज तयार होत आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. बोलू इच्छिणाऱ्याला वाचा देणारे आणि गप्प राहू इच्छिणाऱ्याकडून जबाब काढणारे तंत्र मुळात एकच आहे. फरक फक्त माणसाच्या डोक्यावर ते कोणी, कोठे आणि कोणाच्या इच्छेने चढवले याचा आहे. म्हणून नवे यंत्र कोठडीच्या दारात येईल तेव्हा त्याला आधी अडवून विचारले पाहिजे. तुझी पडताळणी तुझ्या कर्त्याखेरीज कोणी केली? तू किती वेळा चुकतोस? आणि आत बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येईल का?

हान्स बर्गर यांनी एका मुलाच्या डोक्यावरून टिपलेली थरथर पाच वर्षे छापली नाही. खात्री होईपर्यंत थांबणे त्यांना जमले होते. पुण्याच्या खटल्यात थांबायला कोणी तयार नव्हते, आणि त्या घाईची किंमत मोजायला खुर्चीत एक जिवंत माणूस बसला होता.